व्हर्जिनियाचे तीन खासदार आणि २०१० ची मध्यावधी

७ नोव्हेंबर २०१०, रविवार. दिवाळीचे दिवस. बराक ओबामा मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांशी बोलायला आले होते. आदल्या दिवशी ते ताजमध्ये उतरले होते, २६/११ च्या मृतांना आदरांजली वाहून मणिभवन पाहून आले होते. (मणिभवनाच्या आसपासच्या झाडांवरचे नारळ कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून आधीच उतरवले होते. ही बातमी तेव्हा मुंबईकरांनी चवीने वाचली.) झेवियर्समध्ये एका विद्यार्थ्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पाच दिवसांपूर्वी तुमच्याच मतदारांनी जो निकाल दिला त्याबद्दल तुमचं म्हणणं काय, असा प्रश्न होता. ओबामांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की लोक नाखूश असतील तर ते दाखवून देणं हा त्यांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. सत्तेवरच्या माणसाला ते कितीही झोंबो. आता आपल्याला चालत्या वाटेवर थोडी दिशा दुरुस्त करावी लागेल, हेही त्यांनी कबूल केलं.

निकाल साधासुधा नव्हता. २ नोव्हेंबरच्या निवडणुकीत ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, ६३ जागा गमावल्या. १९४८ नंतर एका निवडणुकीत एवढी उलथापालथ झाली नव्हती. ४३५ जणांच्या सभागृहात रिपब्लिकन २४२ झाले आणि डेमोक्रॅट १९३ वर आले. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर ओबामांनी त्याला 'शेलॅकिंग' म्हटलं. आपल्या भाषेत, सपाटून मार.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'मध्यावधी निवडणूक' म्हटलं की सरकार पडलंय, सभागृह विसर्जित झालंय आणि मुदतीआधीच मतदान आलंय असं डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत तसं काही नसतं. अध्यक्षाची मुदत ४ वर्षांची, प्रतिनिधिगृहाची २ वर्षांची. त्यामुळे अध्यक्षाची खुर्ची शाबूत असते आणि तिच्या बरोबर मध्यात अख्खं प्रतिनिधिगृह व वरच्या सभागृहाचा, म्हणजे सिनेटचा, साधारण तिसरा हिस्सा मतदारांपुढे जातो. तारीख पंचांगासारखी ठरलेली. अध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसतं, पण मार मात्र त्याच्या पक्षाला पडतो. १९३४ ते २०२२ या काळात अशा २३ मध्यावधी निवडणुका झाल्या. त्यांपैकी फक्त तीन वेळा, १९३४, १९९८ आणि २००२ मध्ये, अध्यक्षाच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा वाढल्या. पहिल्या वेळी महामंदीत रूझवेल्टवर लोकांचा भरवसा होता, दुसऱ्या वेळी क्लिंटनवरचा महाभियोग रिपब्लिकनांच्याच अंगाशी आला, तिसऱ्या वेळी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम वर्ष उलटलं होतं. बाकी वीस वेळा घसरण.

म्हणजे २०१० मध्ये डेमोक्रॅट घसरणार हे ठरल्यासारखंच होतं. कोडं आहे ते ६३ या आकड्याचं. त्याचं नेहमीचं उत्तर, 'ओबामाकेअर भोवलं', म्हणजे ओबामांनी आणलेला आरोग्यविमा कायदा. खोटं नाही, पण फार सोपं आहे. ते कुठे कमी पडतं हे पाहायला एकच राज्य पुरतं.

व्हर्जिनिया. २००८ मध्ये ओबामांनी हे राज्य जिंकलं. १९६४ नंतर पहिल्यांदाच ते एका डेमोक्रॅट उमेदवाराकडे आलं होतं. त्याच दिवशी राज्यातून निवडून गेलेल्या डेमोक्रॅट खासदारांत तीन अगदी वेगळ्या जातकुळीचे होते, आणि दोन वर्षांनी तिघेही घरी बसले.

पहिले टॉम पेरिएलो. मानवी हक्कांच्या कामातून आलेला तरुण वकील, पश्चिम आफ्रिकेत काम केलेला. त्यांचा पाचवा मतदारसंघ शार्लट्सव्हिलच्या विद्यापीठापासून दक्षिणेला डॅनव्हिल आणि मार्टिन्सव्हिलपर्यंत पसरलेला. वर प्राध्यापक, विद्यार्थी, द्राक्षमळे. खाली तंबाखूची शेती आणि कापड व फर्निचरचे बंद पडलेले कारखाने. मार्टिन्सव्हिलमध्ये त्या काळात पाचातल्या एकाला काम नव्हतं. इथे अध्यक्षपदासाठी लोकांनी ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना पसंती दिली आणि खासदार म्हणून पेरिएलो यांना, तेही अवघ्या ७२७ मतांनी.

दुसरे ग्लेन नाय, परराष्ट्र सेवेतले माजी अधिकारी. दुसरा मतदारसंघ म्हणजे व्हर्जिनिया बीच आणि नॉरफोकचा किनारा. जगातला सर्वांत मोठा नाविक तळ तिथे. घराघरांत नौदलाचं कुणी ना कुणी. हा मतदारसंघ ओबामांनी स्वतः थोडक्यात जिंकला होता.

तिसरे रिक बाउचर, १९८२ पासूनचे खासदार. नैऋत्येच्या कोपऱ्यातला कोळसापट्टा हा त्यांचा मतदारसंघ. मॅकेन यांना तिथे साठ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तरी बाउचर यांच्याविरुद्ध २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने उमेदवारसुद्धा उभा केला नव्हता! इतका तो माणूस तिथे रुजलेला.

आता त्यांची दोन वर्षांतली मतं बघा. आपल्याकडे पक्षादेश मोडला तर खासदारकीवर गदा येते. तिथे पक्षांतरबंदीसारखा कायदा नाही. प्रतोद विनवतो, समित्यांचं आमिष दाखवतो, डोळे वटारतो, पण मत ज्याचं त्याचं. फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरचं आर्थिक प्रोत्साहन पॅकेज आलं, त्याला तिघांनीही होकार दिला. (प्रतिनिधिगृहातल्या एकाही रिपब्लिकनाने दिला नाही.) त्याच जूनमध्ये कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारं हवामान विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी निसटतं मंजूर झालं. पेरिएलो बाजूने, बाउचरही बाजूने, कारण कोळशासाठी सवलती पदरात पाडून घेत त्यांनीच त्याच्या वाटाघाटी केल्या होत्या. नाय विरोधात. मग २१ मार्च २०१० ला आरोग्यविमा कायद्याचं शेवटचं मतदान झालं, योगायोगाने पुन्हा २१९ विरुद्ध २१२. ३४ डेमोक्रॅट फुटले आणि त्यांत नाय होते, बाउचरही होते. पेरिएलो यांनी मात्र होय म्हटलं.

म्हणजे एकाने तिन्हीला होकार दिला, एकाने दोनांना, एकाने एकालाच. कायद्यांमुळेच शिक्षा झाली असती तर पेरिएलो सर्वांत वाईट हरायला हवे होते, नाय तरायला हवे होते.

झालं उलटं. पेरिएलो सुमारे चार टक्क्यांनी हरले. बाउचर पाचएक टक्क्यांनी. आणि पक्षापासून सगळ्यांत फटकून राहिलेले, ओबामांनीच जिंकलेल्या मतदारसंघातले नाय ४२ विरुद्ध ५३ असे आपटले.

यावर कुणी म्हणेल, तीन माणसांवरून काय सिद्ध होतं? बरोबर आहे. काही राज्यशास्त्रज्ञांनी सगळ्या मतदारसंघांचा हिशेब मांडून आरोग्य कायद्याच्या बाजूने मत दिल्याची किंमत सुमारे २५ जागा असावी असा अंदाज काढला होता. तो मला पटण्याजोगा वाटतो. पण ६३ मधून २५ वजा केले तरी ३८ उरतात, आणि ३८ हीसुद्धा मोठी पडझड आहे. शिवाय कायद्याला विरोध करणाऱ्यांची यादी पाहिली तर हसावं की रडावं कळत नाही. मिसूरीचे आइक स्केल्टन, ३४ वर्षांचे खासदार, संरक्षण समितीचे अध्यक्ष, विरोधात मत देऊनही हरले. टेक्ससचे चेट एडवर्ड्स तसेच. मिसिसिपीच्या जीन टेलर यांनी तर आपण २००८ मध्ये ओबामांना नव्हे, मॅकेन यांना मत दिलं होतं, हे प्रचारात उघड सांगितलं. तेही गेले. मतदाराला त्यांच्या नावापुढचं पक्षाचं अक्षर दिसत होतं, मतांचा तक्ता नाही. मूळ रिपब्लिकन हवा असेल तर तो थेट मिळत असताना अर्धवट डेमोक्रॅट कशाला, असा साधा सरळ हिशेब.

खरं कोडं सुटतं ते मतांच्या आकड्यांत. पाचव्या मतदारसंघाचं मतमोजणीपत्रक डोळ्यांसमोर धरा. २००८ मध्ये पेरिएलो यांना सुमारे १ लाख ५८ हजार ८०० मतं मिळाली, पराभूत रिपब्लिकन व्हर्जिल गूड यांना १ लाख ५८ हजारांवर थोडी. २०१० मध्ये पेरिएलो उतरले १ लाख १० हजारांवर. आणि जिंकणारे रॉबर्ट हर्ट? त्यांना १ लाख १९ हजारांच्या वर थोडी. म्हणजे २०१० च्या विजेत्याला २००८ च्या पराभूतापेक्षाही जवळजवळ ३९ हजार मतं कमी पडली. रिपब्लिकन पक्षाकडे मतांचा पूर आला नव्हता. पाणी दोन्हीकडचं ओसरलं, डेमोक्रॅटांकडचं जास्त ओसरलं, एवढंच.

देशभर हेच. अध्यक्षाच्या निवडणुकीला २००८ मध्ये पात्र मतदारांपैकी साठ टक्क्यांहून जास्त बाहेर पडले होते. २०१० मध्ये चाळीसच्या आसपास. घरी राहिले ते कोण? मतदानोत्तर पाहण्यांनुसार तिशीच्या आतले मतदार २००८ मध्ये एकूण मतदारांच्या १८ टक्के होते, २०१० मध्ये १२ टक्क्यांच्या घरात आले. पासष्टीच्या वरचे मात्र १६ टक्क्यांवरून वीसच्या पुढे गेले. ओबामांना डोक्यावर घेणारी शार्लट्सव्हिलची कॉलेजमधली पोरं मंगळवारी वर्गात बसली, आणि मेडिकेअरला, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला, कात्री लागणार म्हणून धास्तावलेले डॅनव्हिलचे आजोबा सकाळी सकाळी केंद्रावर रांगेत. २९ ऑक्टोबरला, निवडणुकीला चार दिवस उरले असताना, ओबामा खास पेरिएलो यांच्यासाठी शार्लट्सव्हिलला येऊन सभा घेऊन गेले. प्रतिनिधिगृहाच्या एकट्या उमेदवारासाठी अध्यक्षाने असं धावून जाणं दुर्मीळ. त्यांचा रोख त्या पोरांवरच होता. तरी फरक भरून निघाला नाही.

रागाचं कारण शोधायला लांब जायला नको. ओबामा सत्तेवर आले तेव्हा बेरोजगारी ७.८ टक्के होती, ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांना टेकली आणि मतदानाच्या वेळीही साडेनऊच्या आसपास अडून बसली होती. मंदी आधीच्या अध्यक्षाच्या काळात सुरू झाली, बँका वाचवण्याचा कायदाही त्यांनीच केला, हे खरं. पण दोन वर्षं हाताला काम नसलेल्या माणसाला हा इतिहास सांगून उपयोग नसतो. त्यावर टी पार्टीचं, म्हणजे सरकारी खर्चाविरुद्ध उठलेल्या कडव्या उजव्या चळवळीचं, वादळ. ऑगस्ट २००९ मध्ये खासदारांच्या जनसभांत लोक उभे राहून ओरडत होते. पेरिएलो यांचा पत्ता म्हणून कुणी तरी त्यांच्या भावाच्याच घराचा पत्ता इंटरनेटवर टाकला, आणि मार्च २०१० च्या मतदानानंतर त्या घराच्या ग्रिलला जाणारी गॅसची नळी कापलेली सापडली. तपास एफबीआयपर्यंत गेला. त्या काळात हवा इतकी तापली होती.

इशारेही मिळाले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदी रिपब्लिकन बॉब मॅकडॉनेल १७ टक्क्यांच्या फरकाने आले. जानेवारी २०१० मध्ये तर टेड केनेडी यांच्या निधनाने रिकामी झालेली मॅसॅच्युसेट्सची सिनेटची जागा स्कॉट ब्राउन यांनी जिंकली. डेमोक्रॅटांचा गडच म्हणायचा तो. त्यानंतर पक्षात एक मोठा गट म्हणत होता की आरोग्य कायदा आता गुंडाळा, छोटं काही तरी करा. सभापती नॅन्सी पलोसी यांनी ऐकलं नाही.

माझ्या मते इथेच या प्रकरणाची किल्ली आहे. डेमोक्रॅटांकडे २५० हून जास्त जागा होत्या, पण त्यांतल्या पन्नासेक त्यांच्या मालकीच्या नव्हत्याच. २००६ मध्ये इराक युद्धाला विटलेल्या मतदारांनी त्यांना ३१ जागा वाढवून दिल्या, २००८ च्या लाटेत आणखी वीसेक आल्या. मॅकेन यांनी जिंकलेल्या ४९ मतदारसंघांत डेमोक्रॅट खासदार बसले होते. उधारीच्या जागा होत्या त्या, पुढच्या ओहोटीत परत जाणारच. पलोसींपुढचा प्रश्न जागा राखायच्या की नाहीत हा नव्हता, कारण त्यांतल्या बऱ्याच राहणार नव्हत्या. जायच्या आधी त्यांच्या बदल्यात काय पदरात पाडून घ्यायचं, हा होता. त्यांनी कायदा घेतला. नाय यांनी आपलं मत जपून ठेवलं आणि तरी हरले. पेरिएलो यांनी खर्च केलं आणि हरले, पण काही तरी विकत घेऊन.

सिनेट मात्र वाचली. रिपब्लिकनांनी तिथे सहा जागा मिळवल्या. ओबामांची इलिनॉयमधली स्वतःची जुनी जागासुद्धा मार्क कर्क यांनी घेतली, तो चिमटा वेगळाच. पण डेमोक्रॅट गट ५३ वर टिकला. एक तर सगळ्या जागा निवडणुकीला नव्हत्या. दुसरं म्हणजे टी पार्टीने काही ठिकाणी हातातले घास घालवले. डेलावेअरमध्ये सहज निवडून येतील अशा माइक कॅसल यांना पक्षांतर्गत निवडणुकीत पाडून क्रिस्टीन ओडॉनेल यांना उभं केलं. या बाईंना आपण चेटकीण नाही, अशी जाहिरात करावी लागली! नेवाडात सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड हरण्याच्या बेतात होते, समोर शॅरन अँगल आल्या आणि ते तरले.

परिणाम काय? जानेवारी २०११ मध्ये पलोसींच्या हातची सभापतीची हातोडी जॉन बेनर यांच्याकडे गेली. त्याच महिन्यात नव्या सभागृहाने आरोग्य कायदा रद्द करण्याचा ठराव २४५ विरुद्ध १८९ ने मंजूर केला. सिनेटमध्ये तो अडला, अडणारच होता, पण पुढची कित्येक वर्षं असे ठराव येतच राहिले. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल यांनी मतदानाआधीच मुलाखतीत सांगून टाकलं होतं की ओबामांना एकाच मुदतीचे अध्यक्ष करणं हे आपलं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट आहे. ऑगस्ट २०११ मध्ये सरकारची कर्जमर्यादा वाढवण्यावरून इतकी ताणाताणी झाली की स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने अमेरिकेची पत ट्रिपल ए या सर्वोच्च पायरीवरून खाली आणली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी कचेऱ्या १६ दिवस बंद. मध्यावधीनंतर अध्यक्षाच्या हाती नवा मोठा कायदा जवळपास लागला नाही. उरले ते वटहुकूमवजा आदेश, नकाराधिकार आणि परदेश दौरे. मुंबईतल्या त्या दौऱ्यातही ओबामा सांगत होते ते अमेरिकी कंपन्यांना मिळालेल्या १० अब्ज डॉलरच्या करारांबद्दल आणि त्यातून अमेरिकेत टिकणाऱ्या ५० हजारांहून जास्त नोकऱ्यांबद्दल. श्रोते मुंबईचे, भाषण ओहायोसाठी. ओहायोत त्यांच्या पक्षाच्या पाच जागा नुकत्याच गेल्या होत्या. तिकडे दुसरीच बातमी गाजत होती: या दौऱ्यावर रोज २० कोटी डॉलर उडवले जात आहेत. महाराष्ट्र सरकारमधल्या कुणा अनाम अधिकाऱ्याच्या हवाल्याने ती इथूनच सुटली होती. खासदार मिशेल बाकमन यांनी ती टीव्हीवर सांगितली. व्हाइट हाउसने ती धुडकावली, पण तोवर ती सगळीकडे पोचली होती.

या सगळ्यापेक्षा खोल जखम मात्र वॉशिंग्टनच्या बाहेर झाली, आणि तिची चर्चा तेव्हा कमी झाली. २०१० हे जनगणनेचं वर्ष होतं. जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या जातात आणि बहुतेक राज्यांत त्या आखतात राज्यांची विधिमंडळं. त्याच मंगळवारी रिपब्लिकनांनी देशभरातल्या विधिमंडळांत सुमारे ६८० जागा वाढवल्या. त्यासाठी पक्षाने आधीपासून योजना आखून पैसा ओतला होता. पुढच्या निवडणुकीत त्याचं पीक आलं. २०१२ मध्ये ओबामा पुन्हा जिंकले, प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅटांना देशभरात दहा लाखांहून जास्त मतं अधिक पडली, आणि बहुमत रिपब्लिकनांकडेच राहिलं, २३४ विरुद्ध २०१. पेन्सिल्व्हेनियात डेमोक्रॅटांना मतं किंचित जास्त, पण १८ पैकी १३ जागा रिपब्लिकनांच्या. व्हर्जिनियाने ओबामांना दुसऱ्यांदा कौल दिला, तरी तिथल्या ११ पैकी ८ खासदार रिपब्लिकन. मध्यावधीत गेलेली जागा दोन वर्षांनी परत मिळवता येते. बदललेली सीमारेषा सहसा दहा वर्षं हलत नाही. त्या रात्री डेमोक्रॅटांनी ६३ चा आकडा मोजला. नकाशाचं नुकसान मोजायला त्यांना दोन वर्षं लागली.

आता त्या तिघांच्या मागे काय राहिलं ते बघू. बाउचर यांच्या कोळसापट्ट्यात त्यानंतर डेमोक्रॅट आलेला नाही. हवामान विधेयकाला तर सिनेटने कधी हातच लावला नाही, म्हणजे बाउचर यांचं ते मत पाण्यातच गेलं. पेरिएलो २०१७ मध्ये गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागायला उतरले, राल्फ नॉर्थम यांच्याकडून हरले. पण नॉर्थम यांच्याच कारकिर्दीत, २०१८ मध्ये, व्हर्जिनियाने आरोग्य कायद्यातली मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची, वाढीव तरतूद स्वीकारली. १ जानेवारी २०१९ पासून ती लागू झाली आणि सुमारे ४ लाख गरीब माणसं तिच्या कक्षेत आली. मार्टिन्सव्हिलमधलीही त्यात होती. मधल्या काळात, २०१७ मध्ये, ट्रम्प यांच्या पक्षाने तो कायदा रद्द करण्याचा प्रयत्न केला. प्रतिनिधिगृहात ठराव २१७ विरुद्ध २१३ ने निघाला, सिनेटमध्ये पडला, आणि पाडणाऱ्यांत एक होते जॉन मॅकेन. पुढच्या मध्यावधीत रिपब्लिकनांच्या ४० जागा गेल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या कायद्याने डेमोक्रॅट बुडाले असं म्हणत होते, तोच यावेळी त्यांचा प्रचाराचा मुख्य मुद्दा होता.

आणि नाय यांचा तो नाविक तळाचा दुसरा मतदारसंघ? २०१० मध्ये ओबामांच्या काळात तो मोटारविक्रेते स्कॉट रिजेल यांच्याकडे गेला. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या काळात नौदलातल्या माजी कमांडर इलेन लुरिया यांनी तो डेमोक्रॅटांकडे आणला. २०२२ मध्ये बायडेन अध्यक्ष असताना जेन किगन्स यांनी लुरियांना हरवून तो परत रिपब्लिकनांकडे नेला. किगन्सही नौदलातल्याच, हेलिकॉप्टर चालवणाऱ्या.